गाडी कुठली?

ठाण्यात पैसे मोजून जवळजवळ कोणतीही वस्तू मिळते, परंतु ती कशासाठी हवी आहे हे दुकानदाराला पटवून दिल्याशिवाय मिळत नाही. स्क्रू मागितला तर ‘लाकडात मारायचाय की भिंतीत?’ असा प्रश्न येतो, वायर मागितली तर ‘गिझरला की पंख्याला?’ असे विचारले जाते, आणि हे प्रश्न भोचकपणाने नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या हिताच्या कळकळीने विचारलेले असतात. ज्याला गिझर बसवायचा आहे त्याची या कळकळीने सोयच होते. ज्याला रिमोटवर चालणारा आणि रंगाच्या गोळ्या झाडणारा रणगाडा बांधायचा आहे, त्याची मात्र या कळकळीपुढे जी त्रेधातिरपीट उडते तिची कल्पना गिझरवाल्यांना येणार नाही.

मूळ योजना धुळवडीची होती. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत रंग खेळण्याबाबत एक सविस्तर परिशिष्ट असून त्यात पाण्याचे फुगे, पिचकाऱ्या, ऑइलपेंट, अंडी आणि गच्चीवरून ओतलेल्या बादल्या यांना नावानिशी मनाई केलेली आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने हे परिशिष्ट दोनदा वाचले आणि वकिलाच्या थाटात जाहीर केले, “मामा, यात रणगाडा नाहीये.” त्याच्या वयाला हा युक्तिवाद शोभून दिसला. माझ्या वयाला तो पटला, याचे आमच्या घरात अजूनही आश्चर्य व्यक्त केले जाते.

कोणता रणगाडा बांधायचा, हा प्रश्न गोळीनेच सोडवला. एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याच्या पेंटबॉल या खेळातली गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे सुमारे १७.३ मिलीमीटर व्यासाची आणि साधारण तीन ग्रॅम वजनाची असते. चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तयार झालेला भारतातला पहिला रणगाडा म्हणजे विजयंता, आणि त्याच्या तोफेचा व्यास १०५ मिलीमीटर. एकशे पाचाला सहाने भागले की साडेसतरा येतात. गणिताने एवढे सौजन्य माझ्याशी शाळेतही कधी दाखवले नव्हते. तेव्हा एकास सहा या प्रमाणात विजयंता बांधायचे ठरले. हा रणगाडा मी नगरच्या रणगाडा संग्रहालयात जवळून पाहिलेला होता, आणि त्याची रुंदी सहाने भागून साधारण ५३ सेंटीमीटर येते, म्हणजे तो आमच्या लिफ्टमधून खाली नेता येणार होता. तोफेसकट लांबी मात्र दीड मीटरच्या वर जात असल्याने लिफ्टमध्ये तोफ बसवलेला बुरूज मागे फिरवून ठेवावा लागेल, असे भाच्याने वहीत लिहून ठेवले. एवढी दूरदृष्टी त्याने परीक्षेच्या बाबतीत दाखवली असती, तर माझ्या बहिणीचे माझ्याविषयीचे मत आज वेगळे असते.

रणगाड्याला वळण्यासाठी स्टिअरिंग नसते. डावा पट्टा आणि उजवा पट्टा यांच्या वेगातल्या फरकावर तो वळतो, आणि एक पट्टा पुढे व दुसरा मागे फिरवला की तो जागच्या जागी गर्रकन फिरतो. त्यासाठी दोन स्वतंत्र मोटरी लागतात, आणि बारा व्होल्टवर चालणारी, सावकाश पण जोरकस फिरणारी, स्वस्तातली मोटर म्हणजे गाडीच्या वायपरची. म्हणून मी माजिवड्याकडच्या एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो.

“वायपरची मोटर पाहिजे होती.”

“गाडी कुठली?”

“कुठलीही चालेल.”

“कुठलीही कशी चालेल, साहेब? प्रत्येकाचं फिटिंग वेगळं.”

“असू दे. एकसारख्या दोन द्या.”

“पुढची आणि मागची?”

“नाही,” मी म्हणालो, “डावी आणि उजवी.”

दुकानदाराने हातातला पाना काउंटरवर ठेवला. एका वायपरला एक मोटर लावणारी गाडी त्याच्या उभ्या कारकिर्दीत त्याच्या पाहण्यात आलेली नव्हती, आणि तसे त्याने आत बसलेल्या थोरल्या भावाला मोठ्याने सांगितले. थोरला भाऊ बाहेर आला. चहा सांगितला गेला. गाडी परदेशी आहे का, ती मुळात मी घेतलीच का आणि विकताना तिला किती येतील, या तीन मुद्द्यांवर दोघा भावांनी माझ्याविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीच्या भरात त्यांनी किंमत बरीच कमी केली, त्यामुळे ती गाडी नसून रणगाडा आहे हे सांगण्याची माझी इच्छा उरली नाही.

तोफेच्या नळीची कथा याहून वेगळी. वागळे इस्टेटमधल्या पुष्कळशा कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी मागच्या गल्ल्यांमध्ये अजून लेथचा आवाज ऐकू येतो आणि ॲल्युमिनियमचे पाइप उभे करून ठेवलेली दुकानेही आहेत. तिथे साडेसतरा मिलीमीटर आतला व्यास असलेला पाइप मागितल्यावर दुकानातल्या पोऱ्याने मान हलवली. असे माप नसते, सतराचे नसते आणि अठराचेही नसते, असे त्याचे म्हणणे पडले. तेवढ्यात कोपऱ्यात पट्ट्या मोजत बसलेल्या एका म्हाताऱ्या सुताराने नुसते वर पाहिले आणि विचारले, “म्हणजे साडेपाच सूत का?” एका इंचाचे आठ सूत, त्या हिशेबाने साडेपाच सूत म्हणजे १७.४६ मिलीमीटर. अमेरिकेत ठरलेले पेंटबॉलचे माप आणि ब्रिटिशांकडून आलेला तोफेचा व्यास यांची सांगड त्या सुताराने कानावर पेन्सिल असतानाच घालून दिली. पोऱ्याने निमूटपणे आतून पाइप आणला. पडद्यासाठी हवा का, असे त्याने विचारले, आणि मी हो म्हणालो. पडद्याचे ब्रॅकेटही घ्यावे लागले.

खोटे बोलण्याची ही सवय फार लवकर जडते. बुरूज फिरण्यासाठी डायनिंग टेबलवरच्या फिरत्या चकतीचे बेअरिंग घेताना मी घरी आठ माणसे असल्याचे सांगितले. पट्ट्यांसाठी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा मागताना मला गावाकडे एक गिरणी घ्यावी लागली. ती सध्या बंद का आहे, हेही सांगावे लागले आणि त्यात चुलतभावाची थोडी बदनामी झाली. सत्य मी एकदाच बोललो आणि ते लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या त्या रस्त्याला कोणत्याही यंत्राचे नवल वाटत नाही. रिमोट आणि रिसीव्हर मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने “ड्रोन का?” असे विचारले, आणि मी सगळा जीव एकवटून “नाही, रणगाडा” असे उत्तर दिले. त्याने डोळ्याची पापणीही न लववता पुढचा प्रश्न केला, “किती चॅनेल?” दोन पट्ट्यांचे, एक बुरुजाचे, एक तोफ वरखाली करण्याचे आणि एक घोड्याचे अशी पाच चॅनेल मी मोजून दाखवली. सहा चॅनेलचाच घ्या, एक दिव्यांना लागेल, असा सल्ला देऊन त्याने २.४ गिगाहर्ट्‌झचा संच पुढे सरकवला आणि सिग्नल तुटला तर मोटरी आपोआप बंद होतील एवढी सेटिंग करायला विसरू नका, असे बजावले. मला भरून आले होते.

आता वरच्या मजल्यावरच्या काकांविषयी सांगणे भाग आहे. काकांनी अंबरनाथला लेथवर आयुष्य काढले असून ज्याची चूक मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत नाही त्या कामाला ते काम म्हणत नाहीत. आमचा प्लायवूडचा सांगाडा पाहून त्यांनी “हा रणगाडा आहे की शोकेस?” असा शेरा मारला, आणि दुसऱ्याच दिवशी स्वखर्चाने लोखंडी अँगल आणून दोन्ही मोटरी त्यावर पक्क्या बसवून दिल्या. काम अप्रतिम होते. रणगाडा सरळ रेषेत पुढे गेला, सरळ रेषेत मागे आला आणि टाळ्या वाजल्या. मग भाच्याने तो जागच्या जागी फिरवण्यासाठी रिमोटच्या दोन्ही कांड्या उलटसुलट ढकलल्या आणि बुरुजातून धूर निघाला. कारण नंतर समजले. आम्हाला मिळालेल्या वायपर मोटरींमध्ये विजेच्या दोन वायरींपैकी एक मोटरच्या धातूच्या कवचालाच जोडलेली होती, कारण गाडीत सगळी बॉडीच अर्थिंगचे काम करते. दोन्ही मोटरी एका दिशेने फिरत होत्या तोवर काही बिघडले नाही. एक पुढे आणि एक मागे फिरू लागताच एकीचे कवच धन आणि दुसरीचे ऋण झाले, आणि काकांच्या अँगलने दोघींची गाठ घालून दिली. प्लायवूड असते तर हे झाले नसते, हे वाक्य मी काकांसमोर अजून उच्चारलेले नाही. त्यांनी स्वतःच सायकलची जुनी ट्यूब कापून मोटरींखाली घातली आणि “इन्सुलेशन तुम्ही सांगितलं नव्हतं” असे म्हणून विषय संपवला.

पट्टे उतरण्याचा उपद्रव त्यानंतर सुरू झाला. सपाट पट्टा सरळ जाताना चाकांवर शिस्तीत बसतो आणि वळताना बाजूला सरकून सुटतो. खऱ्या रणगाड्यांच्या पट्ट्यांना आतून मध्यभागी दात असतात आणि ते जोडचाकांच्या फटीतून धावतात, म्हणून पट्टा जागा सोडत नाही. आम्ही गिरणीच्या पट्ट्याला आतून मधोमध व्ही-बेल्टचे तुकडे चिकटवले, आणि ते चिकटेपर्यंत धुळवड होऊन गेली. रंगपंचमीही गेली. गुढीपाडव्याला रणगाड्याला हळदकुंकू वाहिले गेले, एवढीच त्या वर्षीच्या सणांत त्याची हजेरी लागली.

तोफेचे इंजिन कोणते, यावर उन्हाळा गेला. पेंटबॉलच्या बंदुका बहुधा कार्बन डायऑक्साइडवर किंवा उच्च दाबाच्या हवेवर चालतात आणि मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवण्याचा दंडक पाळला जातो. आमच्या पार्किंगमध्ये त्या वेगाचे काही कारण नव्हते. शिवाय कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि गरमी वाढेल तसा नळकांड्यातला दाबही वाढतो. मे महिन्यातल्या ठाण्यात असल्या वायूवर विसंबून नेम धरणे म्हणजे निव्वळ मनोरंजन झाले असते. म्हणून साधी हवा, तीही पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची, असे ठरले. हवेच्या टाकीसाठी भाच्याने पीव्हीसीचा पाइप सुचवला, तेव्हा काका पहिल्यांदा खरोखर चिडले. पीव्हीसी फुटले की त्याचे तुकडे उडतात, असे सांगून त्यांनी सुरक्षा-झडप असलेली पोलादी टाकीच घ्यायला लावली, आणि या बाबतीत त्यांचे ऐकणे शहाणपणाचेच होते.

विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मात्र दुकानातूनच आणावा लागणार होता. तिथले गृहस्थ अतिशय सभ्य होते आणि त्यांच्यापुढे छापील फॉर्म होता.

“माध्यम?”

“हवा.”

“दाब?”

“आठ बार.”

“अ‍ॅप्लिकेशन?”

मी भाच्याकडे पाहिले. “पॅकिंग मशीन,” भाचा म्हणाला.

“काय पॅक करता?”

“गोळ्या.”

“औषधाच्या?”

“साधारण तशाच,” मी म्हणालो, आणि त्यांनी फॉर्मवर ‘फार्मा’ असे लिहून आम्हाला सवलतीचा दर लावला.

हे उत्तर अगदीच असत्य नव्हते. पेंटबॉल ही खरोखर औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखीच बनवली जाते. बाहेरून जिलेटिनचे कवच आणि आत पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग. हे ग्लायकॉल जुलाबाच्या औषधातही वापरतात. या गोळ्यांचा मूळ उपयोग खेळासाठी नव्हताच. अमेरिकेत जंगलखात्याची माणसे तोडायच्या झाडांवर आणि गुराखी कळपातल्या जनावरांवर लांबूनच खूण करण्यासाठी त्या झाडत असत, आणि तेव्हा आतला रंग तेलाचा असे. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर या गावी बारा जणांनी त्याच बंदुका घेऊन रानात पहिला सामना खेळला, आणि जो जिंकला त्याने एकही गोळी झाडली नव्हती. आमच्या रणगाड्यानेही तोवर एकही गोळी झाडलेली नसल्याने हा इतिहास वाचून मला थोडा धीर आला.

रणगाडा सज्ज झाला तेव्हा आषाढ लागला होता. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत आणि पाण्यात फारसा फरक उरत नाही, आणि जिलेटिन त्या हवेतला ओलावा शोषून फुगते. एका मैदानावरून आणलेल्या गोळ्या खोक्यातून काढल्या तेव्हा त्या बोटांना चिकटत होत्या आणि काहींनी तर गोलाईचा आग्रहच सोडलेला होता. फ्रीजमध्ये ठेवाव्यात तर थंडीने कवच कडक होऊन नळीतच तडकते. ओला मोबाइल तांदळात ठेवतात, हे भाच्याला ठाऊक होते. त्याने आम्हाला न विचारता सगळ्या गोळ्या पंच्याच्या पुरचुंडीत बांधून आईच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी असल्याने तांदळाला कोणी हात लावणार नाही, हा त्याचा हिशेब चोख होता. एकादशीनंतर द्वादशी येते आणि द्वादशीला पारण्याचा भात लागतो, इथपर्यंत तो पोचला नव्हता.

सकाळी सातला आईने पुरचुंडी सोडून ओट्यावर ठेवली होती. ओलसर पंच्यावर गुलाबी डाग उमटले होते, आणि तांदळाचे दाणे गोळ्यांना चिकटून बसले होते.

“हे काय आहे रे?”

“रंगाच्या गोळ्या आहेत, आजी,” भाचा म्हणाला.

“कशापासून करतात?”

इथे ‘माहीत नाही’ असे उत्तर कोणीही दिले असते. परंतु मुलाला खरे बोलायला आम्हीच शिकवले होते. “जिलेटिन, आजी. जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून.”

आईने तांदूळ, डबा आणि आम्ही दोघे यांना एकाच वेळी स्वयंपाकघराबाहेर काढले. तांदूळ कबुतरांना घालण्याचा विचारही तिने रंगामुळे रद्द केला आणि तो तसाच फेकून द्यावा लागला. डबा अजून गॅलरीत आहे. त्यात आता स्क्रू असतात.

चाचणीसाठी रविवारी दुपारची वेळ निवडली, कारण त्या वेळी सोसायटी झोपलेली असते. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये थर्माकोलचा पत्रा खांबाला टेकवून उभा केला, सर्वांनी गॉगल लावले आणि भाच्याने घोड्याचे बटण दाबले. ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि काहीच बाहेर आले नाही. गोळी फुगून नळीत अडकली होती. दाब थोडा वाढवून पुन्हा बटण दाबले, तेव्हा ती नळीतच फुटली आणि तोफेच्या तोंडातून गुलाबी तुषारांचा एक सुबक झोत बाहेर पडला. सोसायटीच्या परिशिष्टात पिचकारीला नावानिशी मनाई आहे, आणि त्या घटकेला आमचा विजयंता ठाणे जिल्ह्यातली सर्वांत महागडी पिचकारी होता.

काका वर जाऊन व्हर्निअर घेऊन आले. मग तळमजल्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एकेक गोळी दोन बाजूंनी मोजायला घेतली. १७.३ च्या आसपासची गोळी उजवीकडे, फुगलेली डावीकडे आणि लंबगोल झालेली थेट बादलीत. मोजताना गोळीला दाब पडू नये म्हणून ते जबड्यांमध्ये तिला श्वास रोखून धरत होते. हा प्रकार पाहायला हळूहळू वॉचमन, इस्त्रीवाला, दोन मजल्यांवरची मुले आणि अखेर दुपारची झोप मोडल्यामुळे घुश्श्यात असलेले सेक्रेटरी जमा झाले.

निवडक गोळ्या भरल्या, नळी कापडाने पुसली, आणि पहिली गोळी थर्माकोलच्या बरोबर मध्यावर जाऊन फुटली. मुलांनी आरोळी ठोकली. आता फिरत्या बुरुजावरून नेम धरायचा म्हणून भाच्याने कांडी डावीकडे ढकलली, परंतु काँक्रीटच्या खांबांच्या गर्दीत सिग्नल क्षणभर तुटला. लॅमिंग्टन रोडच्या मुलाने बजावल्याप्रमाणे मोटरी तत्काळ थांबल्या. मात्र थांबताना बुरूज थर्माकोलकडे नव्हे, तर भिंतीलगतच्या वाहनांकडे पाहत होता, हे खांबाआड उभ्या असलेल्या भाच्याला दिसत नव्हते. त्याने घोडा दाबला आणि त्याच वेळी सिग्नल परत आला. गोळी सोसायटीचा स्टिकर नसलेल्या, कोणा तरी बाहेरच्या माणसाच्या मोटरसायकलच्या टाकीवर फुटली. टाकीवर बशीएवढा गुलाबी ठिपका उमटला.

सेक्रेटरींनी जवळ जाऊन तो ठिपका पाहिला. ही मोटरसायकल स्टेशनला जाणाऱ्या कोणाची तरी असून ती रोज आपल्याच गेटमधून आत येते, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि सर्वसाधारण सभेत दरवर्षी तिच्यावर निष्फळ चर्चा होते. त्यांनी बोट लावून रंग चाचपला.

“हा जातो का धुतल्यावर?”

“लगेच,” मी त्यांची समजूत घालण्याच्या स्वरात म्हणालो. “पाण्याने साफ जातो. पावसातसुद्धा जाईल.”

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जिन्याकडे नेले आणि आवाज खाली आणून विचारले, “न जाणारा मिळेल का?”

मी त्यांना झाडे आणि गुरे यांची माहिती दिली, आणि मुळात हा रंग तेलाचाच असे हेही सांगितले. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकून घेतली आणि मंगळवारच्या कमिटीच्या बैठकीत रणगाड्याचा विषय ऐनवेळच्या विषयांत घेतला. वाहनाला बारा चाके असली तरी ती जमिनीला टेकत नसल्याने ते दुचाकी समजावे की चारचाकी, यावर बराच खल होऊन त्याला जिन्याखालची जागा बिनभाड्याने देण्यात आली. ऑइलपेंटला परिशिष्टात मनाई असल्याची आठवण एका सभासदाने करून दिली, तेव्हा ती मनाई फक्त धुळवडीपुरती आहे असा खुलासा सेक्रेटरींनी केला. तेलाच्या रंगाच्या गोळ्यांसाठी तीन कोटेशने मागवावीत असे ठरले. हा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा, असा प्रश्न निघाल्यावर खजिनदारांनी तो ‘इमारतीचे बाह्य रंगकाम’ या सदरात टाकावा असे सुचवले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.